'वॉटरवर्ल्ड'मधल्या चुका कशा शोधायच्या: एका कंटिन्युटीवालीची पद्धत

मागच्या शॉटला पदर कुठल्या खांद्यावर होता, कप उजव्या हातात होता की डाव्या, कुंकू किती पुसलं होतं, हे लक्षात ठेवण्याचा मला 19 वर्षं पगार मिळाला. यालाच कंटिन्युटी, म्हणजे सलगता सांभाळणं, म्हणतात. मराठी मालिका आणि थोडे चित्रपट, एवढं माझं काम. गेल्या मे महिन्यात माझा भाचा 1995 सालचा 'वॉटरवर्ल्ड' बघून आला आणि वहीची दोन पानं माझ्यापुढे टाकली. "आत्या, 31 चुका सापडल्या." आम्ही दोघांनी तो चित्रपट पुन्हा बघितला, चार रविवार लावून. ती यादी गाळताना जी पद्धत मी त्याला शिकवली, तीच इथे लिहिते आहे. जग बुडाल्यानंतरच्या किंवा जळून गेल्यानंतरच्या कुठल्याही मारधाडपटाला ती लागू पडते.

पहिल्यांदा बघताना वही-पेन लांब ठेवा. चित्रपट आपल्याला काय मान्य करायला सांगतो, ते आधी ऐकून घ्यायचं. 'वॉटरवर्ल्ड'मध्ये सुरुवातीलाच युनिव्हर्सल या निर्मितीसंस्थेच्या बोधचिन्हातल्या पृथ्वीगोलावरची जमीन पाण्याखाली जाते आणि निवेदक सांगतो की ध्रुवांवरचा बर्फ वितळून पृथ्वी बुडाली. पुढे केव्हिन कॉस्टनरच्या नायकाच्या कानामागे कल्ले दिसतात. भाच्याच्या यादीत 'माणसाला कल्ले येत नाहीत' ही चौथी चूक होती. ती मी खोडली. कल्ले ही गोष्टीची अट आहे, ती स्वीकारूनच आपण बसलो आहोत. बर्फाचं मात्र तसं नाही. तिथे चित्रपट स्वतःहून कारण देतो आहे, आणि कारण दिलं की ते तपासायचा हक्क आपल्याला मिळतो.

दुसऱ्यांदा बघताना आवाज पूर्ण बंद करा. संगीत आणि संवाद आपल्याला कटच्या पलीकडे ओढून नेतात, संकलकाला तेच हवं असतं. आवाज गेला की डोळे मोकळे होतात आणि जंप दिसायला लागतात. सेटवर आम्ही सलगता तुटण्याला जंप म्हणतो. मास्टर शॉट, म्हणजे सगळं दृश्य दाखवणारा मोठा शॉट, सकाळी होतो, क्लोज, म्हणजे चेहऱ्याचे जवळचे शॉट, जेवणानंतर, समोरच्याचे क्लोज कधीकधी दोन दिवसांनी. पडद्यावर मात्र ते सगळं एका मिनिटात घडतं. म्हणून जंप शोधायची जागा म्हणजे मोठ्या शॉटवरून जवळच्या शॉटवर जाणारा कट. बाकी चित्रपट भरभर पुढे नेलात तरी चालेल, या कटवर थांबा. संगणकावर चित्रपट बघायच्या व्हीएलसी या प्रणालीत ई (E) ही कळ दाबली की चित्र एकेका फ्रेमने सरकतं. एका सेकंदात 24 फ्रेम असतात. कटच्या आधीच्या चार आणि नंतरच्या चार बघितल्या तरी पुरे.

काय बघायचं? सगळं बघायला गेलात तर काहीच दिसणार नाही. प्रत्येक पात्रामागे एक खूण धरा आणि पूर्ण चित्रपटभर तिचाच पाठलाग करा. 'वॉटरवर्ल्ड'मध्ये चांगल्या खुणा भरपूर आहेत. जीन ट्रिपलहॉर्नची हेलन आणि छोटी इनोला या नायकाच्या बोटीवर आलेल्या दोघींचे केस नायक रागाच्या भरात कापतो. तिथून पुढे प्रत्येक दृश्यात केसांची लांबी आणि कापल्याची रेघ बघायची. डेनिस हॉपरचा डीकन, म्हणजे खलनायकांचा म्होरक्या, लढाईत एक डोळा गमावतो. तो कुठला, हे वहीच्या पहिल्या ओळीवर लिहून ठेवा आणि त्याच्या प्रत्येक प्रवेशाला ताडून बघा. इनोलाच्या पाठीवरचा गोंदलेला नकाशा दर वेळी मेकअपदादाला नव्याने उतरवावा लागलेला असणार, तेव्हा त्याच्या रेघा एकमेकींशी जुळवून बघण्यासारख्या आहेत. नायकाची बोट ही तर सोन्याची खाण. तीन होड्या शेजारी-शेजारी जोडल्यासारखी ती शिडाची बोट. चित्रीकरणासाठी तशा एक नाही, दोन बांधल्या होत्या: एक वेगाने पळवायला, दुसरी रूप बदलणाऱ्या करामतींसाठी. एकच वस्तू जिथे दोनदा बनवलेली असते तिथे दोर, गाठी, रंगाचे ओरखडे यांत फरक राहून जाऊ शकतो. मी हे स्वतः भोगलं आहे. एका मालिकेत नायकाच्या कपाळाची जखम दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला लागली. मेकअपदादाने आरशातला फोटो बघून ती लावली होती, आणि तो फोटो मीच काढून दिला होता. त्या दिवसापासून प्रत्येक फोटोत मी पाटी धरायला लागले, अक्षरं उलटी दिसली की फोटो उलटा आहे हे कळतं.

समुद्रावर चित्रीकरण झालेल्या चित्रपटात आणखी एक गोष्ट बघा, ती म्हणजे पाणीच. हा चित्रपट हवाईच्या समुद्रावर झाला. ऊन, ढग आणि लाटा यांना कोणी 'आणखी एक टेक' म्हणून परत बोलावू शकत नाही. दोन माणसं समोरासमोर बोलत असताना एकाच्या मागे खवळलेलं करडं पाणी आणि दुसऱ्याच्या मागे शांत निळं, असं दिसलं की वेळ लिहून ठेवा. नाकाची सावली कुठल्या बाजूला पडते तेही बघा. पण हे लिहिताना थोडा हात आखडता घ्या. फिरत्या बोटीवर सूर्याची बाजू खरोखरच बदलते, आणि मागेपुढे बघितल्यास पाणीसुद्धा दोन दिशांना वेगळं दिसू शकतं. बोट वळल्याचा एखादा शॉट मध्ये आहे का, ते बघितल्याशिवाय जंप म्हणू नका.

आता तथ्यांच्या चुका. इथे डोळ्यांपेक्षा कागद-पेन्सिल लागते, आणि मला स्वतःला सगळ्यांत जास्त आनंद याच भागात मिळाला.

बर्फापासून सुरू करा. आर्क्टिक समुद्रावरचा बर्फ आधीच पाण्यावर तरंगतो आहे. सरबताच्या पेल्यातला बर्फ वितळला म्हणून पेला उतू जात नाही, तसंच त्याचं. पातळी वाढवतो तो जमिनीवरचा बर्फ. अंटार्क्टिकावरचा सगळा वितळला तर सुमारे 58 मीटर, ग्रीनलंडचा 7 मीटरच्या थोडं वर, उरलेल्या हिमनद्यांचा अर्धा मीटरही नाही. बेरीज साधारण 66 मीटर. यात मुंबईचा बहुतेक भाग जाईल, कोलकाता जाईल, पण 560 मीटरवरचं पुणं कोरडं राहील. चित्रपटात मात्र शेवटी जी एकमेव जमीन सापडते ती एव्हरेस्ट आहे, 8,849 मीटर. 66 आणि 8,849! तेवढं पाणी आणायचं तर आज सगळ्या महासागरांत मिळून जेवढं आहे त्याच्या तिपटीहून जास्त आणखी लागेल.

भाच्याने इथपर्यंत गणित बरोबर केलं होतं, आणि मग लगेच पुढची ओळ: 'एव्हरेस्टवर ऑक्सिजन नाही, हे लोक श्वास कसा घेतात? झाडं कशी उगवली?' ही चूक सापडल्याचा आनंद अनेकांना होतो, आणि ती चूक नाहीच. हवा समुद्राच्या पृष्ठभागावर टेकून बसलेली असते. समुद्र साडेआठ किलोमीटर वर सरकला की हवेचा थरही तेवढाच वर सरकतो. नव्या किनाऱ्यावर हवेचा दाब आज गिरगाव चौपाटीवर असतो जवळपास तेवढाच असेल, आणि तिथे गारठाही आजच्या शिखरासारखा नसेल. म्हणजे पाणी एवढं चढलं हे एकदा मानलं, की हिरवळ आणि मोकळा श्वास हे त्या मानण्यातून सरळ निघतं. चित्रपटाची एक चूक धरून त्यावर दुसरी रचण्यापूर्वी हा हिशेब करा. मी त्याच्याकडून ही ओळ त्याच्याच हाताने खोडून घेतली.

याच हिशेबाने खरी मोठी चूक दुसरीकडे सापडते. नायक हेलनला घंटेसारख्या, खालून उघड्या टोपात बसवून समुद्रतळावरचं बुडालेलं शहर दाखवायला नेतो. ते शहर डेन्व्हर. डेन्व्हरची उंची 1,609 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम 37 मीटर कमी. पाणी 8,500 मीटरवर आहे असं धरलं, तर हेलन सुमारे 6,900 मीटर खाली गेली. दर 10 मीटरला दाब एका वातावरणाने (समुद्रकाठी हवेचा असतो तेवढ्या दाबाने) वाढतो, म्हणजे तिथे जवळजवळ 690 वातावरणांचा दाब. खालून उघड्या टोपात वर दोन मीटर उंचीची हवा असेल तर खाली पोचेपर्यंत ती दबून काही मिलिमीटरचा थर उरेल. हेलनच्या नाकापर्यंत हवाच राहत नाही. खऱ्या समुद्रात पाणबुड्या माणसांनी काम केलेली विक्रमी खोली 534 मीटर आहे, 1988 साली फ्रान्समधल्या मार्सेजवळच्या भूमध्य समुद्रात. त्यासाठी त्यांना कित्येक दिवस दाबाच्या कोठडीत राहून शरीराला सवय करावी लागली होती. नायकाला कल्ले आहेत, त्याचं सोडून देऊ. हेलन तुमच्या-माझ्यासारखी माणूस आहे, आणि हे चित्रपटच आपल्याला ठासून सांगतो. स्वतःच्याच नियमाशी चित्रपट इथे फारकत घेतो, म्हणून माझ्या वहीत ही नोंद सगळ्यांत वर आहे.

इंधनाचं थोडक्यात. खलनायकांचा तळ म्हणजे 'एक्सॉन व्हाल्डीझ' हे तेलवाहू जहाज, तेच जे 24 मार्च 1989 ला अलास्कात खडकावर चढलं आणि ज्याच्या तेलाने किनारा काळा झाला. त्याच्या पोटातल्या कच्च्या तेलावर इंजिन चालत नाही, ते शुद्ध करावं लागतं. शुद्ध केलेलं पेट्रोलही साठवून ठेवलं तर साधारण वर्षभरात खराब व्हायला लागतं. अशा चित्रपटांत पिढ्यान्‌पिढ्या जुन्या टाकीतून गाडी सुरू झाली की मी वेळ लिहून घेते. पण आधी संवाद लावून ऐका, शुद्धीकरणाचा उल्लेख आला असेल तर नोंद मागे घ्या. आणि कोणी म्हणेल की ते जहाज तर 2012 साली गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला आणलं, मग भविष्यात ते कुठून आलं? हेही चूक म्हणून लिहू नका. 1995 मध्ये ते जहाज पाण्यावर होतं. लेखकाला त्या दिवशी जे कळू शकत होतं, तेवढ्यावरच त्याला जाब विचारावा.

वहीत चार रकाने आखा: वेळ, काय दिसलं, कशाशी जुळत नाही, आणि खात्री. वेळ तास-मिनिट-सेकंदात लिहा. 'लढाईनंतर कुठेतरी' अशी नोंद दुसऱ्या कोणाला तपासता येत नाही. शिवाय कुठली आवृत्ती बघितली ते पानाच्या डोक्यावर असलंच पाहिजे. 'वॉटरवर्ल्ड'ची चित्रपटगृहातली आवृत्ती सुमारे सव्वादोन तासांची, आणि नंतर दूरचित्रवाणीवर आलेली 40 मिनिटांनी मोठी. ती जमीन म्हणजे एव्हरेस्ट, हे तेनसिंग आणि हिलरींच्या नावाच्या पाटीसह मोठ्या आवृत्तीतच उघड दाखवलं आहे. छोट्या आवृत्तीत जो दुवा तुटलेला वाटतो, तो चित्रीकरणाच्या वेळी तुटलेला नसून कापताना गेलेला असू शकतो. तसंच फ्रेमच्या वर माईक डोकावताना दिसला तर थांबा. जुन्या प्रतींत झाकून टाकायचा वरचा-खालचा भाग कधीकधी उघडा राहतो, आणि त्यात त्या युनिटचा दोष नसतो.

खात्रीच्या रकान्यात 'नक्की', 'बहुतेक' आणि 'ठरत नाही' एवढे तीनच शब्द वापरा. चार रविवारांनंतर भाच्याच्या 31 पैकी 'नक्की'मध्ये 9 उरल्या. 'ठरत नाही'मधल्या 6 साठी तो आता मोठी आवृत्ती बघतो आहे, वेळ लिहीत, आवाज बंद करून.