कथा पाठवण्याआधी: एका फेरीत एकच चूक

दिवाळी अंकाला कथा पाठवण्याआधी आपण ती 'एकदा नजरेखालून घालतो' आणि नेमकं तिथंच फसतं. लिखाण आपलंच असलं की डोळा कागदावरचं सोडून मनातलं वाचत सुटतो. म्हणून एका फेरीत एकाच प्रकारची चूक धरायची. अडीच-तीन हजार शब्दांच्या कथेला चार फेऱ्या पुरतात.

आधी तुटलेले शब्द जोडा. शब्दयोगी अव्यय मागच्या शब्दाला चिकटतं: घरासमोर, तिच्यासाठी, दहापर्यंत. फोनचा कीबोर्ड सुचवलेल्या शब्दानंतर आपोआप जागा सोडतो आणि 'घरा समोर' होऊन बसतं. शोधताना आधी एक स्पेस टाका, मग 'साठी', 'मध्ये', 'पासून', 'वर'. 'रिप्लेस ऑल' मात्र दाबू नका. 'तो वर गेला'मधला 'वर' सुटाच हवा, आणि कथेत कुणाची साठी उलटली असेल तर तीही.

सगळ्यात वेळखाऊ फेरी ऱ्हस्व-दीर्घाची. मोठ्यानं वाचून या चुका सापडत नाहीत, कारण बोलताना आपण हा फरक फारसा पाळतच नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांतला एक नियम पक्का केला तरी निम्मं काम होतं. अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ, पण सामान्यरूप झालं, म्हणजे प्रत्यय लागताना शब्द बदलला, की ऱ्हस्व: वीट–विटेला, सून–सुनेला, गरीब–गरिबाला, वकील–वकिलांनी. 'वकीलांनी' छापील मजकुरातही सर्रास दिसतं, चूकच आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र हलत नाहीत. शरीर–शरीराला, आणि गुण, विष तर मुळातच ऱ्हस्व. समासात आणखी एक खोच आहे: कवी, बुद्धी असं लिहायचं, पण कविमन, बुद्धिबळ. नदी संस्कृतातच दीर्घ, म्हणून नदीकाठ. 'आणि' कायम ऱ्हस्व.

तिसऱ्या फेरीत फक्त 'र्य' आणि 'ऱ्य' बघा. लग्नाच्या प्रसंगात 'आचार्यांना पैसे दिले' म्हटलं की पैसे गुरुजींना जातात; स्वयंपाक्याला द्यायचे तर 'आचाऱ्यांना'. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून 'J' ही कळ दाबली की 'ऱ' येतो, मग हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह), मग य. जुन्या फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये बदलून घेतली असेल तर रफार आणि पहिली वेलांटीही तपासा, ती शेजारच्या अक्षरावर सरकलेली असू शकते.

चौथी फेरी निवेदनाची. 'त्याने दार उघडले. बाहेर कुणीच नव्हतं.' इथं दोन वाक्यांत दोन निवेदक झाले. 'उघडले' की 'उघडलं', एकच ठरवा. संवादात बोलीच राहू द्या. शोधायला 'झाले', 'केले', 'होते' घ्या, पण 'पाहुणे जमा झाले'ला हात लावू नका, ते अनेकवचन आहे.

एवढ्यानंतर एखादं वाक्य बदलावंसं वाटलंच तर बदला, फक्त तो परिच्छेद पुन्हा चारही फेऱ्यांतून काढा.