बरडावर करंज-बांबू लावताय? आधी पहार घ्या

यंदा बरडावर, म्हणजे मुरमाड हलक्या रानात, इंधनासाठी करंज किंवा बांबू लावायचं मनात असेल, तर रोपं सांगून ठेवण्याआधी पहार घेऊन रानात जा. चार ठिकाणी दीड हात खोल खड्डा खणा, संध्याकाळी पाण्याने भरा आणि सकाळी पाहा. पाणी जिरलं असेल तर मुरूम फुटका आहे, मुळं खाली उतरतील. तसंच उभं असेल तर खाली चोपण (पाणी न जिरणारी खारवट, घट्ट माती) तरी आहे नाहीतर सलग खडक. तिथे बांबू नको, त्याला साचलेलं पाणी सोसत नाही. चोपण-खारवट जमिनीत करंज तग धरतो. खडक असेल तर दोन्ही सोडा, गवतच येऊ द्या.

गवताचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. साक्री-शिंदखेड्याकडचा माळ सातबाऱ्यावर पडीक असेल, पण रिकामा नसतो. ठेलारी मेंढपाळांची मेंढरं त्यावर चरतात, गावच्या शेळ्या चरतात. पवना-मारवेलसारखं गवत मोडून सरसकट झाडं लावली, तर पुढच्या उन्हाळ्यात चारा विकत घ्यावा लागेल. झाडांच्या ओळी समतल रेषेवर, म्हणजे उताराला आडव्या, धरा आणि मधले पट्टे गवताला ठेवा. उभा हिंगणबेट, बोर, पळस तोडून ‘हरित इंधना’ची लागवड करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

वीसेक वर्षांपूर्वीची मोगली एरंडाची लाट जुन्या मंडळींना आठवत असेल. बायोडिझेल होणार, पाणी नको, खत नको! मीही बांधावर लावला. झाडं जगली, ते खोटं नव्हतं. पण पाण्यावाचून जगणं वेगळं आणि पाण्यावाचून फळणं वेगळं. तिसऱ्या वर्षी एक गोणीसुद्धा भरली नाही, आणि रोपं देऊन गेलेला व्यापारी पुन्हा दिसला नाही. आज त्या एरंडाचं कुंपण तेवढं झालंय. कुंपण झकास आहे, गुरं तोंड लावत नाहीत.

तेव्हा गिऱ्हाईक आधी, खड्डे नंतर. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात काडीकचऱ्याचे पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) मिसळावेत, असं केंद्राचं 2021 चं धोरण आहे आणि दीपनगरचं वीज केंद्र आपल्या भुसावळजवळच आहे. पण त्यामुळे तुमच्या बांधावर ट्रक येऊन उभा राहील असं धरू नका. पेलेट किंवा ब्रिकेट (जळणाच्या दाबलेल्या विटा) करणाऱ्याकडे स्वतः जा. भाव टनाला किती, ओलाव्याची कपात किती, वाहतूक कोणाच्या अंगावर, हे लिहून घ्या. लांबचं भाडं हलक्या मालाला परवडत नाही.

शिवाय जळणाचा भाव सगळ्यात खालचा. रावेर-यावलच्या केळीला टेकू लागतात. बांबूच्या सरळ काठ्या तिकडे द्या, वेड्यावाकड्या आणि शेंडे इंधनाला. कोरडवाहूत मानवेल जातीचा बांबू घ्या. रोपं बियांची असतील तर बी कोणत्या सालच्या फुलोऱ्याचं ते रोपवाटिकेत विचारा, कारण फुलोरा आला की बेट मरतं. नेपियर गवताची जाहिरात कोणी करत असेल तर एवढंच विचारा, ‘पाणी कुठून आणू?’

करंजासाठी 5 बाय 5 मीटर अंतर, म्हणजे एकरी 160 च्या आसपास झाडं. खड्डा 45 सेंटिमीटर लांब-रुंद-खोल घ्या आणि मेच्या उन्हात तापू द्या. भरताना वरची माती, शेणखत आणि वाळवीसाठी निंबोळी पेंड. मुरमात वाळवी हमखास येते. उताराकडच्या बाजूने अर्धचंद्राकृती आळं करा, तोंड चढाकडे. पहिल्या सरीला लावू नका. दोन-तीन चांगले पाऊस होऊन खड्ड्यातली माती खालपर्यंत भिजली की लावा. शेंगा धरायला चार-पाच वर्षं तरी जातात. तोवर ओळींमध्ये गवत नसेल तिथे मटकी-तीळ घ्या. तेल काढल्यावर उरलेली करंज पेंड शेतात टाका, गुरांना घालू नका.

बांधावर लावायचं तर उत्तरेचा बांध धरा, म्हणजे रब्बीत सावली तुमच्या पिकावर पडणार नाही. ती शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर पडेल. तेव्हा आधी त्याच्याशी बोला. आपल्याकडे बांधावरून काय काय होतं ते सांगायला नको.

आणि नवीन काही लावायच्या आधी बांधावरच्या पराट्यांच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) गंजीकडे पाहा. जळणाचं पीक तिथे तयारच पडलेलं आहे. तिच्यातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी झोपलेली असते. गंजी पावसापर्यंत राहिली तर पतंग नव्या कपाशीवर येतात. ब्रिकेटवाला घेत असेल तर आत्ताच देऊन टाका. मुळाची माती झटकून द्या, नाहीतर काट्यावर मातीचं वजन कापतात आणि त्यावरून हुज्जत होते. पुढच्या हंगामात मात्र सगळ्या विकू नका. वेचणी संपताच काड्यांचा चुरा करणारं श्रेडर फिरवून निम्म्या तरी रानातच कुजू द्या. बरडाला सेंद्रिय खत दुसरीकडून कोण आणून देणार?

मेलेल्या रोपांच्या नांग्या ऑगस्टच्या आत भरा. त्यापुढचे दोन उन्हाळे जड. प्रत्येक रोपाशी एक झिरपतं मडकं पुरा, आठवड्याला भरा. एवढं पाणी जवळ नसेल तर 160 ऐवजी 40 झाडं लावा.