तळं काँक्रीटचं की कागदाचं? आधी खड्डा बघा

बागेत मोठं तळं करायचं ठरलं की बहुतेक जण आधी खर्चाचा हिशेब मांडतात. मीही तेच केलं आणि फसलो. सासवडजवळ आमची सीताफळ-अंजिराची बाग आहे. तिच्या खालच्या कोपऱ्यात मी हौसेनं काँक्रीटचं तळं बांधलं. तिसऱ्या उन्हाळ्यात तळाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भेग गेली. गवंडी मामा म्हणाले, "माल चांगलाच वापरला होता की." खरं होतं ते. माल चांगला होता, जमीन चुकीची होती.

तो कोपरा काळ्या मातीचा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात तिच्या भेगांत हात जातो. वर्षातून एकदा खालून उचलणाऱ्या आणि एकदा आधार काढून घेणाऱ्या जमिनीवर काँक्रीटनं टिकावं तरी कसं? ते वाकत नाही, तडकतं. आज त्याच जागी कागदाचं तळं आहे. कागद म्हणजे शेततळ्याचा प्लास्टिक कागद, आमच्याकडे त्याला कागदच म्हणतात. घराशेजारी मुरमात काँक्रीटचा एक छोटा हौदही आहे, आणि तो अजून ठणठणीत आहे.

म्हणून आधी मे महिन्यात तळ्याच्या जागी पुरुषभर खोल खड्डा घ्या. वरून खालपर्यंत काळी माती आणि भेगा दिसल्या तर काँक्रीटचा विचार सोडा. मुरूम किंवा मांजऱ्या, म्हणजे मऊ खडक, लागला तर दोन्ही पर्याय खुले. कातळ लागला तर काँक्रीटच बरं, कारण कातळाच्या कडा तासून कागदाला मऊ बिछाना करणं जिकिरीचं काम आहे. हाच खड्डा ऑगस्टमध्ये पुन्हा बघा. पाणी खालून वर चढत असेल तर ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता हिशेब. समजा 10 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि 1.2 मीटर खोल तळं हवंय. उभ्या भिंतींचं काँक्रीट 12 सेंटिमीटर जाडीचं धरलं तर जवळपास 12 घनमीटर माल लागतो, म्हणजे सिमेंटच्या 95 गोणी. सळई, शटरिंग आणि मजुरी वेगळी. कागदाचं माप असं काढतात: लांबीत खोलीची दुप्पट मिळवायची, वर दोन्ही काठांना 60-60 सेंटिमीटर. रुंदीचंही तसंच. इथे 13.6 बाय 9.6, म्हणजे 131 चौरस मीटर. बाजू उतरत्या असल्यानं थोडा कागद उरतो. उरू द्या, ताणून बसवलेला कागद आधी फाटतो.

काँक्रीट करायचंच असेल तर विटांची भिंत आणि वर गिलावा हा प्रकार मोठ्या तळ्याला करू नका. तळ आणि भिंत यांच्या सांध्यातूनच पाणी जातं. 1:1.5:3 चा माल (सिमेंट, वाळू, खडी), आत सळईची जाळी, आणि तळ एका दमात ओतलेला हवा. तळ आणि भिंतीच्या जोडात वॉटरस्टॉपची, म्हणजे सांध्यातून पाणी अडवणारी, पट्टी घालून घ्या. पाणी किमान दोन आठवडे मारा. आणि मासे लगेच सोडू नका. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, पाणी फार अल्कधर्मी होतं आणि मासे मरतात. तळं भरा, आठवडाभर ठेवा, उपसा. असं तीनदा तरी करा. मग पीएचची पट्टी बुडवा. आकडा 8.5 च्या खाली आला की मासे सोडा. उपसलेलं पाणी अंजिराच्या बुडाशी नको.

कागदात दोन जाती ध्यानात ठेवा. शेततळ्याला वापरतात तो एचडीपीईचा, साधारण 500 मायक्रॉनचा. तो स्वस्त आणि चिवट, पण ताठ असतो. नागमोडी काठ किंवा पायऱ्यांवर नीट बसत नाही. दुसरा ईपीडीएम, रबरासारखा, एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. महाग आहे, पण घडी घालता येते आणि वळणाला वळतो. बागेच्या शोभेच्या तळ्याला पैसे असतील तर मी ईपीडीएमच घेईन. एचडीपीई घ्यायचा तर माप देऊन, कारखान्यातच गरम यंत्रानं सांधे जोडून घ्या. गोंद लावून जागेवर जोडतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

खड्ड्याच्या बाजूंना उतार द्या, काळ्या मातीत एकास दीड, म्हणजे फूटभर खोलीला दीड फूट आडवा. खडे आणि मुळं हातानं वेचून काढा. वर दोन इंच वाळू, त्यावर जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे मातीत न कुजणारं जाड कृत्रिम, कापड. पैसे वाचवायला मी गोणपाटं टाकली होती. ती वाळवीनं खाल्ली. कागद दुपारच्या उन्हात पसरा, तो मऊ पडतो. पाणी हळूहळू सोडत सुरकुत्या सारत न्या. काठापासून फूटभर अंतरावर फूटभर खोल चर काढा, पण तळं पूर्ण भरल्यावरच कागदाचं टोक त्यात पुरा. उघड्या काठावर दगड रचा. ऊन आणि कुत्र्यांची नखं, दोघांपासूनही वाचतो.

ऑगस्टच्या खड्ड्यात पाणी चढलं होतं ना? मग पावसाळ्यात तळं कधीही रिकामं करू नका. भूजल खालून दाब देतं. कागद फुग्यासारखा वर येतो आणि काँक्रीटचा हौदसुद्धा उचलला जाऊ शकतो. तळाखाली दगड भरलेला चर काढून तो उताराकडे नेला तर हा दाब निघून जातो.

कागदाचा मोठा दोष घूस आणि खेकडे. आमच्याकडे घुशीनं दोनदा भोक पाडलं. ठिगळ लावता येतं, तेवढं समाधान. कमळ थेट तळात लावू नका, त्याच्या कोंबांना टोक असतं. कुंडीत लावा. डासांसाठी गप्पी मासे दोन्ही तळ्यांत.

एक गोष्ट मात्र लगेच करा. ओला कागद शेवाळानं इतका निसरडा होतो की पोहता येणारा माणूसही उतारावरून वर चढू शकत नाही. शेततळ्यांत माणसं बुडतात ती अशीच. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवा, टोकं काठावरच्या खुंटाला पक्की बांधा, आणि लहान मुलं येत असतील तर कुंपणही घाला.

तळं गळतंय असा संशय आला तर घाबरण्याआधी बादलीची परीक्षा घ्या. बादली पाण्यानं भरून तळ्यातच उथळ जागी दगडावर ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी खुणेनं नोंदवा. तीन दिवसांनी दोन्ही सारखीच उतरली असतील तर ते ऊन पितंय. एप्रिल-मेमध्ये रोज सात-आठ मिलिमीटर पाणी जातं, म्हणजे एवढ्या तळ्यातून दिवसाला साडेचारशे लिटरच्या आसपास. बाहेरची पातळी जास्त उतरली असेल तर भोक शोधायला लागा.