हिरवी मुनिया आणि मॉस यांची तुलना कशी मांडावी

दुर्मीळ गाणारा पक्षी आणि मॉस (ओलसर जागी गालिच्यासारखी वाढणारी लहान वनस्पती) यांची तुलना करताना वर्गीकरण आणि संवर्धनस्थिती हे दोन तक्ते वेगळे ठेवावेत, कारण एकावरून दुसऱ्याचे अनुमान काढता येत नाही. गोदावरीकाठच्या गवताळ, पाणथळ जागी दिसू शकणारी लाल मुनिया आणि केवळ भारतात आढळणारी हिरवी मुनिया या दोघी अमांडावा या एकाच प्रजातीतील (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट). तरीही आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत पहिली ‘कमी चिंता’ या गटात आहे, तर पिंजऱ्यासाठी पकडली जाणारी दुसरी ‘असुरक्षित’ गटात.

वर्गीकरणाचा तक्ता सोपा आहे. हिरवी मुनिया समपृष्ठरज्जू संघातील पक्षी वर्गात, पॅसेरिफॉर्मिस गणात आणि एस्ट्रिल्डिडी कुलात येते. तिचा आवाज अगदी बारीक असला तरी पॅसेरी या उपगणामुळे ती गाणारा पक्षीच ठरते. शालेय पुस्तकांतून परिचित असलेले फ्युनारिया हायग्रोमेट्रिका हे मॉस ब्रायोफायटा विभागातील ब्रायोप्सिडा वर्गात, फ्युनारिएलिस गणात आणि फ्युनारिएसी कुलात मोडते. पावसाळ्यात गावातील विहिरीच्या दगडांवर उगवलेल्या मॉसला मात्र सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याखेरीज जातीचे नाव देऊ नये.

खरी कसोटी संवर्धनस्थितीच्या तक्त्यात लागते. पक्ष्यांच्या जवळपास सर्व जातींचे मूल्यमापन झालेले आहे. मॉसच्या बहुसंख्य जातींचे जागतिक पातळीवर झालेलेच नाही. म्हणून निवडलेल्या मॉसचे नाव लाल यादीत सापडले नाही, तर तेथे ‘मूल्यमापन नाही’ असेच लिहावे; ‘कमी चिंता’ किंवा ‘अपुरी माहिती’ लिहिणे चूक आहे, कारण हे दोन्ही शेरे मूल्यमापनानंतरच मिळतात.

संख्येची तुलनाही जपून करावी. एक हजारांपेक्षा कमी प्रौढ जीव उरलेली जाती ‘असुरक्षित’ ठरू शकते. पण मॉसच्या गालिच्यात एक जीव कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे सांगणे अवघड असते. त्यामुळे मॉसचे अभ्यासक जमिनीवरील जातींसाठी साधारणतः एक चौरस मीटर क्षेत्र, तर झाडावर वाढणाऱ्या जातींसाठी एक झाड म्हणजे एक जीव असे गृहीत धरतात. हे गृहीतक तक्त्याखाली नोंदवावे, अन्यथा पक्ष्यांचे आणि मॉसचे आकडे शेजारी मांडण्यात काहीच अर्थ राहत नाही.

कायदेशीर संरक्षणाचा रकाना भरताना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, २०२२ च्या दुरुस्तीनंतरच्या अनुसूचीच पाहाव्यात. त्या सहावरून चारवर आल्या असून वनस्पती आता तिसऱ्या अनुसूचीत आहेत.