क्रिमिनल जस्टिसची पदवी: फी भरण्याआधी आणि भरल्यावर

अमेरिकेत क्रिमिनल जस्टिस (पोलीस, न्यायालयं आणि तुरुंग यांचा अभ्यास) शिकायला निघालेल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर एफबीआय, गुन्हे प्रयोगशाळा नाहीतर पोलिसांची गाडी असते. या पदवीने त्यातलं काहीच आपोआप हाती येत नाही. पोलीस व्हायचं तर पदवीनंतरही पोलीस अकादमी वेगळी करावी लागते. प्रयोगशाळेत बसायचं असेल तर सरळ रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र घ्या. डीएनए तपासणाऱ्याने जीवरसायनशास्त्र आणि आनुवंशिकी शिकलेलं असणं सक्तीचं आहे. एफबीआयच्या स्पेशल एजंटला पदवी लागते, पण कुठल्याही विषयाची चालते. सोबत साधारण दोन वर्षांचा पूर्णवेळ नोकरीचा अनुभव हवा, वय २३ ते ३६ हवं आणि अमेरिकन नागरिकत्व हवं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांनी ही शेवटची अट दोनदा वाचावी. त्यांना पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयात काम करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. पुढची २४ महिन्यांची वाढ फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या विषयांना असते. फॉरेन्सिक सायन्स त्या यादीत आहे, नुसतं क्रिमिनल जस्टिस नाही.

मग ही पदवी कामाला येते कुठे? प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्यांवर लक्ष ठेवणं), तुरुंग प्रशासन, न्यायालयाचं कार्यालय, पीडितांना मदत करणाऱ्या संस्था, पोलीस खात्यातलं गुन्हे-विश्लेषण आणि पुढे लॉ स्कूल. यातली एखादी नोकरी डोक्यात असेल तर तिची खरीखुरी जाहिरात शोधून पात्रतेचा रकाना आधी वाचा. विद्यापीठाचं माहितीपत्रक त्यानंतर.

खासगी विद्यापीठांत ना-नफा आणि नफ्यासाठी चालणारी असे दोन प्रकार आहेत, आणि माहितीपत्रकावरून त्यांतला फरक कळत नाही. वेस्टवुड कॉलेजचं प्रकरण माहीत असलेलं बरं. तिथल्या क्रिमिनल जस्टिस अभ्यासक्रमाबद्दल विद्यार्थ्यांची दिशाभूल केली, असा खटला इलिनॉयच्या ॲटर्नी जनरलनी २०१२ मध्ये भरला. आरोप असा होता की पोलिसांत नोकरी मिळेल असं सांगून प्रवेश दिले, पण कॉलेजची मान्यता (दर्जा तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का) राज्यातल्या मोठ्या पोलीस खात्यांना चालतच नव्हती. २०१६ मध्ये कॉलेज बंद पडलं. म्हणून मान्यता कुणाची, हे आधी विचारा. प्रादेशिक (बहुतेक पारंपरिक विद्यापीठांची) आणि राष्ट्रीय (बहुतेक धंदेशिक्षणाच्या कॉलेजांची) मान्यता हा भेद २०२० पासून सरकारी कागदावर उरलेला नाही, पण क्रेडिट (विषय पास झाल्यावर जमा होणारे गुणांक) दुसरीकडे हलवायला गेलात की तो पुन्हा आडवा येतो. छापील फी पाहून घाबरूही नका आणि भुलूही नका. प्रत्येक विद्यापीठाला संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावाच लागतो. शिष्यवृत्ती वजा जाता अंदाजे किती भरावे लागतील ते तिथे कळतं. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात) काढणार असाल तर कोणती क्रेडिट धरली जातील ते लेखी घ्या. फोनवर मिळालेलं ‘हो, चालेल’ नंतर कुणाला आठवत नाही.

पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास घरचा अभ्यास, असा हिशेब असतो. पंधरा क्रेडिट घेतली की आठवड्याचे पंचेचाळीस तास गेले. रात्रपाळीची नोकरी करून पंधरा घेणारे बहुधा मिडटर्मनंतर एखादा विषय सोडतात.

पहिली ठेच लागते ती केस ब्रीफला, म्हणजे खटल्याची हकीकत, प्रश्न आणि निकाल यांच्या सारांशाला. टेरी विरुद्ध ओहायो घ्या. क्लीव्हलंड, १९६३. साध्या वेशातल्या डिटेक्टिव्ह मॅकफॅडनना दोन माणसं आळीपाळीने एकाच दुकानाच्या काचेत डोकावून परत येताना दिसली, दोघांच्या मिळून डझनभर फेऱ्या. मॅकफॅडननी त्यांना थांबवून कपड्यांवरून चाचपलं, तेव्हा त्यांतल्या टेरीच्या ओव्हरकोटात पिस्तूल निघालं. नवखा विद्यार्थी इथे रंगतो आणि पानभर हकीकत लिहितो. हकीकतीला चार-पाच ओळी पुरे. सुप्रीम कोर्टापुढचा प्रश्न टेरी दोषी की निर्दोष हा नव्हता. अटकेइतकं सबळ कारण नसताना चाचपून मिळालेलं पिस्तूल पुरावा म्हणून चालेल का, हा होता. १९६८ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी चालेल असं ठरलं. ‘संशय आला की झडती घेता येते’ असं निकालाच्या रकान्यात लिहिलंत तर गुण गेले. माणूस सशस्त्र आणि धोकादायक आहे असं मानायला सांगता येण्याजोगी कारणं हवीत, आणि चाचपणी वरच्या कपड्यांपुरती, शस्त्रासाठीच. ही मर्यादाच त्या निकालाचा गाभा आहे. न्यायमूर्ती डग्लस यांचं विरोधी मतही वाचा. परीक्षेतला दुसरा प्रश्न बऱ्याचदा तिथूनच येतो.

दुसरी ठेच संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राची. गणित नको म्हणून हा विषय निवडलेले इथे अडकतात, आणि हे पेपर शेवटच्या वर्षावर ढकलणं ही ठरलेली चूक. दुसऱ्या वर्षात उरका. आकडे कुठून आले हे न पाहता ते वापरणं ही दुसरी. एफबीआयचे आकडे पोलिसांकडे नोंदलेल्या गुन्ह्यांचे. एनसीव्हीएस हे पीडितांचं सरकारी सर्वेक्षण घरोघरी १२ वर्षं आणि त्यावरच्यांना विचारून होतं, त्यात न नोंदवलेले गुन्हे येतात पण खून येत नाही, कारण मेलेल्याला कोण विचारणार! एफबीआयच्या जुन्या पद्धतीत एका घटनेतला बहुतेक वेळा सर्वांत गंभीर गुन्हाच मोजत. एनआयबीआरएस या नव्या पद्धतीत दहापर्यंत मोजतात. २०२१ मध्ये एफबीआयने नवी पद्धत लावली तेव्हा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या पोलिसांचे आकडे त्यात आलेच नाहीत. त्या वर्षाची उडी किंवा घसरण दाखवणारा आलेख प्रबंधात टाकलात तर प्राध्यापक पहिलं बोट तिथेच ठेवतील.

इंटर्नशिपचा अर्ज एक सत्र आधी करा. पार्श्वभूमीच्या तपासणीत महिने जातात. गेल्या दहा वर्षांतले पत्ते आणि नोकऱ्या, तारखांसकट, एका कागदावर लिहून ठेवा. गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असेल, केंद्रीय कायद्यात नाही. एफबीआय अर्जाआधीच्या वर्षभरातलं सेवन चालवून घेत नाही. एफ-१ वर असाल तर सीपीटीची (शिकताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची) परवानगी हातात आल्याशिवाय कामाचा पहिला दिवस धरू नका.