ऑनलाइन बुद्धिबळात आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी कसा मिळवावा

इंदूरच्या रामबागेत रविवारी सकाळी पोहे-जिलबी आटोपली की आम्ही चार-पाच जण बुद्धिबळाचे पट मांडून बसतो. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे काकाच म्हणतात, त्यांनी मुलाच्या आग्रहावरून मोबाइलवर खेळायला सुरुवात केली आणि पुढच्याच रविवारी तक्रार घेऊन आले. "अरे, हे यंत्र मला मुद्दाम पैलवानांपुढे ढकलतं. तीन डाव खेळलो, तिन्ही वेळा वीस चालींच्या आत मात." त्यांचा मोबाइल हातात घेऊन पाहिला, तेव्हा त्यांच्या गुणांच्या आकड्यापुढे एक छोटे प्रश्नचिन्ह होते. त्यांच्या तक्रारीचे उत्तर त्या चिन्हातच होते.

संकेतस्थळ आपल्यासमोर कोणाला बसवते, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: आपले मानांकन म्हणजे रेटिंग, डावाची वेळ, आणि त्या क्षणी तशाच डावासाठी थांबलेले खेळाडू. यांपैकी तिसरी गोष्ट आपल्या हातात थोडीच असते, पहिल्या दोन मात्र बऱ्याच अंशी असतात.

आधी मानांकन समजून घ्यावे. ही पद्धत मूळची आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांची. जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, ती 1970 मध्ये स्वीकारली. तिच्या हिशेबाने समान गुणांच्या दोघांत प्रत्येकाची अपेक्षित कमाई निम्मी असते. फरक 200 गुणांचा असेल, तर वरचढ खेळाडूने शंभर डावांत (विजयाला एक आणि बरोबरीला अर्धा धरून) साधारण 76 गुण मिळवावेत आणि 400 चा असेल तर सुमारे 91. म्हणूनच 400 गुणांनी वरच्या खेळाडूशी डाव पडला, तर तो हरणे स्वाभाविक असते आणि त्या हरण्यातून शिकायलाही फारसे मिळत नाही, कारण आपली चूक नेमकी कुठे झाली हे कळण्याआधीच डाव संपलेला असतो.

लीचेस आणि चेस डॉट कॉम यांसारखी संकेतस्थळे एलोची मूळ पद्धत जशीच्या तशी न वापरता मार्क ग्लिकमन यांनी विकसित केलेल्या ग्लिको घराण्यातल्या पद्धती वापरतात. त्यांत आपल्या गुणांसोबत त्या गुणांबद्दलची अनिश्चितताही मोजली जाते. लीचेसवर नवा खेळाडू 1500 वर सुरू होतो. तो खरोखर 1500 चा आहे की 900 चा, हे संगणकाला ठाऊक नसते, म्हणून आकड्यापुढे प्रश्नचिन्ह असते आणि पहिल्या काही डावांत एकेका निकालाने शंभराहून अधिक गुणही वरखाली होतात. अनिश्चितता कमी झाली की चिन्ह जाते आणि बरोबरीच्या खेळाडूशी झालेल्या डावात साधारण पाच-दहा गुणांचाच फरक पडतो. काकांचे नेमके हेच झाले होते: त्यांचा आकडा अजून त्यांच्या खेळापर्यंत उतरला नव्हता. यंत्राने त्यांना पैलवानांपुढे ढकलले नव्हते, ते तोवर काकांनाच पैलवान समजत होते.

यावर उपाय एकच, आणि तो धीराचा आहे. पहिले दहा-पंधरा डाव हार-जीत मनाला न लावता, पण पूर्ण मन लावून खेळावेत. डाव बिघडला म्हणून मध्येच सोडू नये आणि पराभव टाळण्यासाठी नवे खाते तर मुळीच उघडू नये, कारण तिथे पुन्हा तेच प्रश्नचिन्ह आपली वाट पाहत असते. चेस डॉट कॉमवर खाते उघडताना आपली पातळी विचारली जाते. तिथे संकोच न करता खरे उत्तर दिले, तर हा त्रास बराच वाचतो. बरेच दिवस खेळलो नाही, तर अनिश्चितता पुन्हा वाढते, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रत्येक वेगाचे मानांकन वेगळे असते, त्यामुळे बुलेटमधले, म्हणजे अगदी झटपट डावांतले गुण रॅपिडमध्ये, म्हणजे त्यामानाने संथ डावांत उपयोगी पडत नाहीत. लीचेसवर डावाची सुरुवातीची वेळ अधिक प्रत्येक चालीमागे मिळणाऱ्या वाढीव सेकंदांची चाळीस पट, असा अंदाज बांधून वेग ठरतो. 3+2, म्हणजे तीन मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे दोन सेकंद, यात 180 अधिक 80, एकूण 260 सेकंद होतात, म्हणून तो ब्लिट्झ, बुलेट आणि रॅपिड यांच्या मधला वेग. 5+5 मात्र 500 सेकंदांवर जातो आणि रॅपिडमध्ये मोडतो. पटावर निवांत विचार करण्याची सवय असलेल्याने 15+10 पासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन मिनिटांच्या डावात वजीर कुठे ठेवावा यापेक्षा घड्याळात किती सेकंद उरले, याचीच चिंता अधिक होते.

आता प्रत्यक्ष निवड. मुख्य पानावरचे तयार बटण दाबले की त्या वेळेसाठी थांबलेल्यांमधून गुणांनी जवळचा खेळाडू शोधला जातो. जितके थांबावे लागेल, तितका अधिक फरक चालवून घेतला जातो, म्हणून प्रचलित नसलेली वेळ निवडली की जोडी विषम पडण्याची शक्यता वाढते. स्वतःहून डाव तयार करण्याच्या पर्यायात मात्र प्रतिस्पर्ध्याचे गुण आपल्यापेक्षा किती खाली आणि किती वर असावेत, याची मर्यादा घालता येते. लीचेसवर प्रश्नचिन्ह असेपर्यंत ही सोय बंद असते, हे पाहून गोंधळू नये. मर्यादा फार अरुंद ठेवली तर बराच वेळ वाट पाहावी लागते. खाली 100 आणि वर 150 हा पल्ला मला सोयीचा वाटतो, कारण वरच्या बाजूला थोडी जास्त जागा ठेवली तर प्रत्येक तिसरा-चौथा डाव काहीतरी शिकवून जातो.

त्याच ठिकाणी डाव मानांकनासाठी आहे की नुसता सरावाचा, हेही ठरवता येते. डावाच्या पहिल्या चालींची नवी पद्धत (ओपनिंग) आजमावायची असेल, तर सरावाचा पर्याय घ्यावा. पांढरी की काळी, हे शक्यतो यंत्रावरच सोडावे. केवळ रंग किंवा समोरचा खेळाडू आवडला नाही म्हणून डाव वारंवार रद्द केले, तर काही काळ खेळण्यास बंदी येते.

स्पर्धांचा हिशेब निराळा असतो. अरीना पद्धतीत, म्हणजे ठरावीक वेळेत एकामागून एक डाव खेळण्याच्या स्पर्धेत, जोड्या प्रामुख्याने त्या स्पर्धेतल्या क्रमांकावरून लागतात, म्हणून दोन-तीन विजय मिळाले की समोर एकदम तगडा खेळाडू येऊ शकतो. तिथे वरची मर्यादा लागू होत नाही. ज्यांना समतोल डाव हवे आहेत, त्यांनी ठरावीक मानांकनापर्यंतच्या खेळाडूंसाठी असलेल्या अरीनात नाव घालावे.

राहिली वेळ पाहण्याची गोष्ट. 15+10 सारख्या संथ डावांसाठी थांबणारे खेळाडू ब्लिट्झपेक्षा कमी असतात. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा युरोपात दुपार उलटत असते आणि पटापाशी गर्दी वाढू लागते. काका आता जेवण आटोपून त्याच सुमारास बसतात, प्रश्नचिन्ह गेले आहे, आणि मागच्या रविवारी त्यांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवून बासष्ट चालींचा, हत्ती आणि प्याद्यांच्या अंतिम खेळात बरोबरीत सुटलेला एक डाव आम्हाला चाल न् चाल मांडून दाखवला.