एफआयआरमधली जबरी चोरी: शब्दावर जाऊ नका, कलम वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा एफआयआर हातात आला की आपल्या माणसाची पहिली अडचण कन्नडची. मराठीत घर फोडलं तरी आपण ‘दरोडा पडला’ म्हणतो. कन्नडमध्ये ‘सुलिगे’ लुटीलाही म्हणतात, खंडणीलाही. त्यामुळे कागदावर ‘कलं’ म्हणजे कलम, त्यापुढचा आकडा शोधा.

कर्नाटक पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे, गुन्हा क्रमांक आणि वर्ष भरून एफआयआर शोधता येतो. बेळगाव शहर आणि बेळगाव जिल्हा हे पोलिसांचे वेगळे घटक आहेत. टिळकवाडीचा गुन्हा शहरात, खानापूर-निपाणीचा जिल्ह्यात. घटक चुकला की ठाणं यादीत दिसतच नाही. फिर्यादीला प्रत ठाण्यातच मोफत मिळते, तो त्याचा हक्क आहे.

मग घटनेची तारीख बघा, नोंदीची नव्हे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या जबरी चोरीला जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) ३९२ लागतं, नंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं ३०९.

दुचाकीवरून येऊन गळ्यातलं गंठण हिसकावून नेलं, तर कलम ३०४, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. तेच गंठण चाकू दाखवून, वाट अडवून किंवा मारहाण करून काढलं, तर ३०९. माल घेऊन पळता यावं म्हणून मारलं, तरीही जबरी चोरीच. कंसातला आकडा सोडू नका: ३०९(४) म्हणजे १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी, पण सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत महामार्गावर घडलं तर १४ पर्यंत. निपाणी रस्त्यावरच्या रात्रीच्या लुटीत म्हणूनच वेळ आणि जागेचा रकाना नीट वाचावा लागतो. ३०९(५) प्रयत्नाला, ७ वर्षांपर्यंत. ३०९(६) दुखापत केल्यास, जन्मठेपेपर्यंत.

पाच किंवा जास्त जण असले की कायद्याने दरोडा, कलम ३१०, आणि खटला सत्र न्यायालयात. फिर्यादीत ‘अनोळखी ४-५ इसम’ असेल तर सावध राहा. तपासात चारच निघाले तर दोषारोपपत्रात ३१० जाऊन ३०९ येऊ शकतं.

एफआयआर हा आरोप आहे, निकाल नव्हे. त्यात नाव आहे म्हणून कुणाला चोर ठरवणं हा घोर अन्याय आहे. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर ठाणे, एफआयआर क्रमांक आणि वर्ष टाकून खटला प्रलंबित आहे की निकाली, ते पाहा. निकाली असेल तर आदेश उघडून निर्दोष सुटका झाली की शिक्षा, तेही वाचा.